चीता आणखी किती वर्षे उडणार? : एकइंजिनी हेलिकॉप्टरच्या कार्यआयुष्याचे अर्थशास्त्र

बंगळूर शहराच्या पूर्वेला, जुना विमानतळ मार्ग आणि बाह्य वर्तुळाकार रस्ता यांच्या संगमावर मारतहळ्ळी हे उपनगर वसले आहे. आज ते माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये, कपड्यांची दुकाने आणि वाहनांच्या रांगा यांसाठी ओळखले जाते. या नावाशी मराठ्यांचा संबंध जोडण्याचा मोह मराठी वाचकाला होणे स्वाभाविक आहे. गावात मात्र नावाच्या अनेक व्युत्पत्ती सांगितल्या जातात व त्यांपैकी एक 'मारुत' या भारतीय लढाऊ विमानाशी नाते सांगते. व्युत्पत्ती कोणतीही खरी असो, मारतहळ्ळी आणि विमाने यांचा शेजार जुना आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडची धावपट्टी येथून जवळच सुरू होते. पूर्वेकडून उतरणारी विमाने या वस्तीच्या डोक्यावरूनच खाली येतात. २४ मे २००८ पासून नियमित प्रवासी वाहतूक देवनहळ्ळीच्या नव्या विमानतळाकडे गेली. चाचणी-उड्डाणे मात्र येथेच राहिली.

या कारखान्याचा पाया घालणारे वालचंद हिराचंद हे सोलापूरचे होते. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या सहभागाने त्यांनी 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' ही कंपनी स्थापन केली. युद्धकाळात ती सरकारच्या ताब्यात गेली आणि १९६४ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. या लेखाचा विषय मात्र या कारखान्याची गाजलेली लढाऊ विमाने हा नाही. गेल्या साठ वर्षांत येथून बाहेर पडलेली, एका इंजिनाची, लहानखुरी, फारशी चर्चेत नसलेली 'चेतक' आणि 'चीता' ही हेलिकॉप्टर्स हा आहे. एखादे यंत्र किती वर्षे वापरावे, हा प्रश्न अर्थशास्त्रात घसाऱ्याच्या प्रकरणात येतो आणि बहुधा तेथेच संपतो. या दोन हेलिकॉप्टर्सच्या बाबतीत तो सियाचीनच्या चौकीवरील जवानापर्यंत जाऊन पोहोचतो.

परवान्यावर उभा राहिलेला उद्योग

१९६२ मध्ये फ्रान्सच्या सूद-एव्हिएशन या कंपनीशी झालेल्या करारानुसार 'अलूएत-३' या हेलिकॉप्टरचे उत्पादन भारतात करण्याचे ठरले. १९६५ मध्ये पहिले चेतक तयार झाले. राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव धारण करणारे, तीन चाकांवर उभे राहणारे व वैमानिकासह सात जणांना नेऊ शकणारे हे हेलिकॉप्टर तिन्ही सेनादलांनी आणि पुढे तटरक्षक दलानेही स्वीकारले. युद्धनौकेच्या लहानशा डेकवर उतरणे, समुद्रात पडलेल्या माणसाला दोरीने वर खेचणे, पुरात अडकलेल्यांना अन्न टाकणे अशी असंख्य कामे त्याने केली. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामातील 'किलो फ्लाइट' या छोट्या हवाई तुकडीतही एक अलूएत-३ होते.

चीताची कथा अधिक लक्षणीय आहे, कारण ते हेलिकॉप्टर भारतीय गरजेतूनच जन्माला आले. हिमालयात उंचावर काम करू शकेल असे हलके हेलिकॉप्टर हवे, अशी मागणी १९६८ च्या सुमारास भारतीय सेनादलांनी केली. फ्रेंच अभियंत्यांनी त्यावर काढलेला तोडगा सरळ होता. अलूएत-२ चा हलका, उघड्या नळ्यांचा सांगाडा घ्यायचा आणि त्यावर अलूएत-३ चे मोठे इंजिन व रोटर बसवायचे. मार्च १९६९ मध्ये हे संकरित यंत्र प्रथम उडाले. फ्रान्समध्ये त्याला 'लामा' म्हणतात. बंगळूरमध्ये त्याचा चीता झाला. १९६९ मध्येच हिमालयातील प्रात्यक्षिकात ते सुमारे ७,५०० मीटर उंचीवर उतरले व पुन्हा उडाले. २१ जून १९७२ रोजी झाँ बूले या फ्रेंच वैमानिकाने ते १२,४४२ मीटरपर्यंत नेले. त्या उंचीवर इंजिन विझले आणि बूले यांनी केवळ वाऱ्याने फिरणाऱ्या पात्यांच्या आधारे ते सुखरूप जमिनीवर आणले. तो विक्रम अनेक दशके टिकला.

परवान्याखाली तीनशेहून अधिक चेतक आणि अडीचशेहून अधिक चीता भारतात तयार झाले. 'आर्तूस्त' हे त्यांचे इंजिनही बंगळूरलाच बनू लागले. परवाना-उत्पादनावर अवलंबित्वाचा आरोप नेहमी होतो आणि त्यात तथ्य आहे. तरीही मूळ देशात उत्पादन थांबल्यानंतर कित्येक दशके एखादे यंत्र आपल्या हिमतीवर चालते ठेवणे, ही या परवान्याची कमाईच म्हणावी लागेल.

एकच इंजिन का?

सर्वसाधारण वाचकाला हा प्रश्न पडतोच. दोन इंजिने अधिक सुरक्षित नाहीत का? अनेक ठिकाणी आहेत. मुंबई हायच्या तेल-फलाटांवर कर्मचाऱ्यांची ने-आण करणारी पवन हंसची डॉफिन हेलिकॉप्टर्स दोन इंजिनांची आहेत. समुद्रावर एकमेव इंजिन बंद पडले तर खाली उतरण्यास जमीन नसते. पर्वतावर मात्र हिशेब बदलतो, आणि तो समजण्यासाठी काही आकडे पुढे ठेवणे आवश्यक आहे.

चीताचे रिकामे वजन सुमारे १,०२० किलो आहे आणि उड्डाणाच्या वेळी त्याचे एकूण अनुज्ञेय वजन १,९५० किलो. म्हणजे वैमानिक, इंधन आणि सामान या सर्वांसाठी ९३० किलो उरतात. जाड कपड्यांतील दोन वैमानिकांचे दोनशे किलो धरू. टाकी पूर्ण भरली तर ५७५ लिटर, म्हणजे साधारण साडेचारशे किलो इंधन मावते. उरले २८० किलो. हे समुद्रसपाटीचे गणित झाले. सुमारे साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब निम्म्यावर येतो. पात्यांना कापायला हवा विरळ मिळते आणि इंजिनालाही. या दोहोंमुळे उचलण्याची क्षमता केवळ पंधरा टक्क्यांनी घटली असे मानले, तरी १,९५० चे पंधरा टक्के म्हणजे २९० किलो होतात. २८० किलोंचे सामान संपूर्ण गेले आणि वर दहा किलोंची तूट राहिली. सामान ही येथे दोन मोठ्या आकड्यांमधील लहानशी शिल्लक असते. मोठा आकडा थोडासा हलला की शिल्लक नाहीशी होते. शेतकऱ्याच्या निव्वळ उत्पन्नाचेही असेच असते.

या तुटीवर उपाय एकच, तो म्हणजे इंधन कमी भरणे. टाकी एक तृतीयांश भरली तर तीनशे किलो परत मिळतात, पण हेलिकॉप्टरची धाव आखूड होते. म्हणून पायथ्याचा तळ चौकीच्या जितका जवळ तितके चांगले, आणि म्हणूनच हिमनदीच्या वाटेवर टप्प्याटप्प्याने छोटे हेलिपॅड उभारावे लागतात. सर्वांत उंच चौक्यांवर चीता एका फेरीत वीस-पंचवीस किलोच नेऊ शकते, म्हणजे रॉकेलचा एक डबा किंवा तेवढ्याच वजनाचा शिधा. दुसरे इंजिन बसवायचे तर त्याचे वजन दीडशे किलोहून अधिक, शिवाय त्याला लागणारे इंधन वेगळे. ज्या यंत्राची शिल्लक पंचवीस किलो आहे त्याला हा भार पेलणार नाही.

उंचीसाठी चीतामध्ये आणखी एक व्यवस्था आहे. आर्तूस्त इंजिनाची मूळ शक्ती सुमारे ८७० अश्वशक्तीची आहे, पण ती ५५० वर मर्यादित केलेली असते. सखल भागात इंजिन अर्ध्या ताकदीने राबते आहे असे वाटते. प्रत्यक्षात ही राखीव शक्ती वर गेल्यावर, हवा विरळ झाल्यावर कामी येते. हलके शरीर आणि गरजेपेक्षा मोठे इंजिन ही या यंत्राची सारी किमया आहे.

दोन इंजिनांचे 'ध्रुव' हेलिकॉप्टरही सियाचीनवर जाते व चीतापेक्षा कितीतरी अधिक भार नेते, हे येथे नमूद केले पाहिजे. पण ते साडेपाच टनांचे यंत्र आहे. त्याला मोठी सपाट जागा हवी, आणि त्याची किंमत व देखभाल वेगळ्या श्रेणीतील आहे. सहा हजार मीटरवर एक इंजिन बंद पडल्यास दुसऱ्याच्या बळावर हवेत स्थिर राहणे कठीणच असते; खाली दरीकडे झेपावून परतण्याची सोय मात्र होते. ही सोय मोलाची आहे. म्हणूनच एकइंजिनी हेलिकॉप्टरच्या बाबतीत त्या एकमेव इंजिनाच्या व एकमेव गिअरबॉक्सच्या देखभालीला जे महत्त्व येते, ते दोन इंजिनांच्या यंत्रात येत नाही.

हिमनदीवरील दिनक्रम

ऑक्टोबर १९७८ मध्ये वायुसेनेचे चेतक प्रथम सियाचीन हिमनदीवर उतरले. १३ एप्रिल १९८४ रोजी 'ऑपरेशन मेघदूत' सुरू झाले. तेव्हापासून लेह येथील वायुसेनेची ११४ वी हेलिकॉप्टर तुकडी आणि १९८६ मध्ये स्वतंत्र दल म्हणून स्थापन झालेल्या भूदलाच्या हवाई दलाच्या तुकड्या या चौक्यांची जीवनरेषा बनून राहिल्या आहेत. १९८७ मध्ये ज्या मोहिमेत नायब सुभेदार बाणा सिंग यांनी पराक्रम केला, तिच्यासाठी माणसे आणि साहित्य वर पोहोचविण्याचे काम चीतानेच खेप-खेप करून केले.

उड्डाण पहाटे होते, कारण थंड हवा दाट असते आणि दुपारनंतर वारे उठतात. चौकीवर उतरल्यावर इंजिन बंद करीत नाहीत; त्या उंचीवर ते पुन्हा सुरू होईलच याची खात्री नसते. पाती फिरत असतानाच सामान खाली जाते, आजारी जवान वर येतो आणि काही क्षणांत यंत्र दरीकडे झुकते. फुप्फुसांत पाणी होणे हा उंचीवरील आजार काही तासांत प्राण घेतो व त्यावर रुग्णाला तातडीने खाली आणण्याइतका प्रभावी उपचार नाही. वीस किलो रॉकेलचा वाहतूक-खर्च काढला तर तो कोणत्याही व्यापाऱ्याला हास्यास्पद वाटेल. त्याच फेरीत परतताना एक माणूस जिवंत खाली येतो, ही गोष्ट त्या हिशेबात कोठेच बसत नाही.

३ फेब्रुवारी २०१६ रोजी सोनम चौकीवर हिमकडा कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याचा एक जवान होता. धारवाड जिल्ह्यातील लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी बर्फाखाली जिवंत सापडले व त्यांना हेलिकॉप्टरने खाली आणण्यात आले. ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांचे निधन झाले. सुमारे एकोणीस हजार सहाशे फुटांवरील त्या शोधकार्याची यंत्रे आणि माणसे वर नेण्यासाठी हेलिकॉप्टरखेरीज दुसरे साधनच नव्हते.

यंत्र म्हातारे कसे होते?

हेलिकॉप्टरचे वय विचारणे मोटारीचे वय विचारण्याइतके सोपे नाही. त्यात एकाच वेळी तीन घड्याळे चालू असतात. पहिले उड्डाणाच्या तासांचे, दुसरे दिनदर्शिकेचे. कारण रबर, सील आणि तेलाच्या नळ्या यंत्र उभे असले तरी जीर्ण होतात. तिसरे घड्याळ इंजिन सुरू-बंद होण्याच्या फेऱ्यांचे. प्रत्येक वेळी धातू तापतो व निवतो आणि त्यात थकवा साठत जातो. काही भाग ठरावीक तास झाले की बाहेरून धडधाकट दिसले तरी फेकूनच द्यावे लागतात. इंजिन, गिअरबॉक्स यांसारखे भाग पूर्ण उघडून, तपासून, पुन्हा जोडले जातात. उरलेल्या भागांचा निर्णय तपासणीत दिसेल त्या अवस्थेवरून होतो. ही मोठी दुरुस्ती बंगळूर आणि बराकपूर येथील केंद्रांत होते.

परिणामी पस्तीस वर्षांपूर्वी तयार झालेल्या चीतामध्ये तेव्हाचे असे फार थोडे उरलेले असते. पाती बदलली, गिअरबॉक्स बदलला, इंजिन तिसरे-चौथे. या अर्थाने यंत्र कधीच म्हातारे होत नाही, असा युक्तिवाद केला जातो आणि तांत्रिकदृष्ट्या तो पूर्ण चुकीचा नाही. म्हातारी होते ती सुट्या भागांची साखळी. मूळ पुरवठादार उत्पादन बंद करतो. दहा-वीस नग बनविण्यासाठी कोणी ओतकाम करायला तयार होत नाही, आणि झाला तर एका नगाची किंमत अनेक पटींनी वाढते. मग उभ्या असलेल्या एका हेलिकॉप्टरचा भाग काढून दुसरे उडते करण्याची वेळ येते. स्वित्झर्लंडने २०१० मध्ये व पोर्तुगालने २०२० मध्ये अलूएत-३ निवृत्त केले. असा प्रत्येक देश बाहेर पडला की उरलेल्यांसाठी या भागांची बाजारपेठ आणखी आकसते.

आणि रचना तर जुनीच राहते. १९५५ मध्ये प्रथम उडालेल्या सांगाड्यावर आधारलेल्या चीतामध्ये स्वयंचलित उड्डाण-नियंत्रण नाही, हवामान दाखविणारे रडार नाही. अचानक ढग आले तर वैमानिकाला दोन डोळे आणि अनुभव यांवरच विसंबावे लागते. नवे फ्रेंच इंजिन बसवून चीताचे 'चीतल' करण्यात आले. नोव्हेंबर २००४ मध्ये ते सासेर कांगरी भागात ७,०७० मीटरवर उतरले. इंजिनाचा प्रश्न त्यामुळे बऱ्याच अंशी सुटला, पण अशी हेलिकॉप्टर्स थोड्याच संख्येने घेतली गेली आणि बाकीचे शरीर तेच राहिले.

जमाखर्चात न दिसणारा घसारा

आपली सरकारी लेखापद्धती रोख तत्त्वावर चालते. १९८५ मध्ये घेतलेले हेलिकॉप्टर त्या वर्षीच्या भांडवली खर्चात एकदा दिसते आणि नंतर अंदाजपत्रकातून नाहीसे होते. कारखानदार दरवर्षी घसारा काढतो; तो काढताना यंत्र झिजत असल्याची त्याला आठवण होते व नव्या यंत्रासाठी तरतूद होते. संरक्षण खात्याच्या वार्षिक हिशेबात अशी आठवण करून देणारे कलम नाही. त्यामुळे बदली पुढे ढकलली की त्या वर्षी पैसे वाचल्यासारखे दिसते. वाढलेली देखभाल महसुली खर्चात, निराळ्या शीर्षाखाली जाते आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहण्याचे कारण कोणालाच पडत नाही. माझ्या मते चीताच्या लांबलेल्या आयुष्याचे मूळ तंत्रज्ञानापेक्षा या पद्धतीत अधिक आहे.

बदलीचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९७ हलक्या हेलिकॉप्टर्सची आंतरराष्ट्रीय निविदा चाचण्या होऊन अंतिम टप्प्यात आली असता डिसेंबर २००७ मध्ये रद्द झाली. २००८ मध्ये ती नव्याने काढण्यात आली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये पुन्हा रद्द झाली. दोन्ही वेळा प्रक्रियेच्या शुद्धतेविषयी प्रश्न उपस्थित झाले होते आणि ते गंभीरच होते. डिसेंबर २०१५ मध्ये रशियाशी २०० कामोव्ह-२२६टी हेलिकॉप्टर्ससाठी आंतरसरकारी करार झाला. किंमत आणि देशी भागांचे प्रमाण यांवर तोही अडला. प्रक्रिया शुद्ध ठेवण्याची किंमत असते व ती द्यावीच लागते. पण येथे ती खरेदी करणाऱ्या खात्याने दिली नाही, उडणाऱ्याने दिली.

ऑक्टोबर २०१४ मध्ये बरेली येथे चीता कोसळून तीन अधिकारी मृत्युमुखी पडले. त्यानंतर सेनाधिकाऱ्यांच्या पत्नींच्या एका गटाने ही हेलिकॉप्टर्स सेवेतून काढावीत अशी मागणी तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्यापुढे मांडली. सप्टेंबर २०१९ मध्ये भूतानमध्ये, मार्च २०२२ मध्ये गुरेझ भागात, ऑक्टोबर २०२२ मध्ये तवांगजवळ आणि मार्च २०२३ मध्ये अरुणाचलातील मंडाला येथे चीता पडले. प्रत्येक अपघाताचे कारण यंत्राचे वय हेच होते असे म्हणता येत नाही. डोंगरातील हवामान नव्या यंत्रालाही सोडत नाही. जुन्या यंत्रात चुकीला वाव कमी असतो, एवढे मात्र निश्चित म्हणता येते.

तुमकुरूचा कारखाना

मारतहळ्ळीपासून काही तासांच्या अंतरावर, तुमकुरू जिल्ह्यातील गुब्बी तालुक्यात ६१५ एकरांवर हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा नवा हेलिकॉप्टर कारखाना उभा राहिला आहे. जानेवारी २०१६ मध्ये त्याची कोनशिला बसली व ६ फेब्रुवारी २०२३ रोजी उद्घाटन झाले. चीता व चेतक यांची जागा घेण्यासाठी आखलेले 'हलके बहुउपयोगी हेलिकॉप्टर' येथे बनावयाचे आहे. ६ सप्टेंबर २०१६ रोजी बंगळूरला त्याचे पहिले उड्डाण झाले आणि २०२० मध्ये लडाखमधील उष्ण व उंच परिस्थितीतील चाचण्या पार पडल्या. वजन ३,१५० किलो. आणि इंजिन, हे विशेष, पुन्हा एकच. फ्रेंच कंपनीच्या सहकार्याने विकसित झालेले 'शक्ती-१यू' हे इंजिन सुमारे हजार अश्वशक्तीचे आहे. साठ वर्षांच्या अनुभवानंतर भारतीय अभियंत्यांनी उंचीसाठी तोच हिशेब मान्य केला. वैमानिकापुढील उपकरणे मात्र आता आजच्या काळातील आहेत.

या प्रकल्पाच्या यशाचा अंदाज चाचणीतील विक्रमांवरून न बांधता उत्पादनाच्या गतीवरून बांधावा लागेल. भूदल व वायुसेना मिळून या हेलिकॉप्टरची गरज १८७ इतकी मांडली गेली आहे, तर २०२१ मध्ये मंजुरी मिळाली ती पहिल्या बारांना. कारखान्याची आरंभीची क्षमता वर्षाला ३० आहे. ती पूर्ण वापरली तरी १८७ यंत्रांना सहा वर्षांहून अधिक काळ लागेल. रद्द झालेल्या निविदांतील दोनशे त्यात मिळविली, तर तेरा वर्षे. मागणी तुकड्यातुकड्यांनी नोंदविली गेल्यास सुट्या भागांचे देशी पुरवठादार गुंतवणूक करणार नाहीत, कारण बारा नगांसाठी साचा घडविणे परवडत नाही. पहिली मोठी मागणी एकत्रित नोंदविणे, इंजिनाच्या भागांचे देशी प्रमाण कराराच्या आरंभीच निश्चित करणे आणि प्रत्येक चीता कोणत्या वर्षी कायमचे उतरणार याची यादी संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे ठेवणे, एवढे केले तर जमाखर्चात नसलेला घसारा निदान कागदावर येईल.

तोपर्यंत बराकपूर आणि बंगळूर येथे चीताचे गिअरबॉक्स उघडले जातच राहतील. नवे हेलिकॉप्टर येणार म्हणून जुन्याच्या सुट्या भागांच्या मागणीत आजच काटछाट करण्याचा मोह होईल. ती केल्यास त्याचा परिणाम कारखान्यात दिसणार नाही. दोन-तीन हिवाळ्यांनंतर लेहच्या धावपट्टीवर सकाळी किती हेलिकॉप्टर्स उड्डाणासाठी तयार आहेत, या आकड्यात तो दिसेल.